गिअर हवा की नको?

नवी मोटार घ्यायची ठरली की पूर्वी घरात रंगावरून वाद व्हायचे. आता पहिला वाद होतो तो गिअरवरून. मुलगी म्हणते, ऑटोमॅटिकच घेऊ. वडील म्हणतात, गिअर नाही ती कसली गाडी! मी लोकांना मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे हे भांडण हमखास माझ्यापर्यंत येतं.

शहरापुरतं बोलायचं तर त्यात भांडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. संध्याकाळच्या गर्दीत तासभर क्लच दाबून-सोडून ज्याचा डावा गुडघा दुखला आहे, त्याला मी काय सांगणार? स्कूटरच्या बाबतीत तर हा निकाल केव्हाच लागला. 1980च्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि डाव्या मुठीनं गिअर पिरगाळणं हळूहळू मागं पडलं. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमची गाडी घाट उतरणार आहे का?

माझ्या मेहुण्यांनी हौसेनं ऑटोमॅटिक गाडी घेतली. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं आम्ही पोलादपूरकडे निघालो. लिव्हर सारा वेळ 'डी'वर आणि दाजींचा पाय ब्रेकवर. मी शिकवणारा माणूस, पण मागं बसून भाचीशी गप्पांत रंगलो होतो. प्रतापगडाचा फाटा जवळ आला आणि जळका वास आला. दाजी म्हणाले, "अहो, ब्रेक मऊ लागतोय." गाडी कशीबशी कडेला घेतली. चाकांतून धूर येत होता. बहीण पाण्याची बाटली घेऊन धावली, तिला आधी थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. अर्धा-पाऊण तास नुसते बसून राहिलो. कोणी फारसं बोललं नाही.

चूक गाडीची नव्हती. गिअरची गाडी असती तर दाजींनी सवयीनं दुसरा गिअर टाकला असता. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि तो भार गाडीला मागं ओढून धरतो. 'डी'वर मात्र पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला की बरेच गिअरबॉक्स वरचाच गिअर पकडतात. मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून ऑटोमॅटिक घेताना पहिला प्रश्न विचारा : खालचा गिअर माझ्या हातानं धरून ठेवता येतो का, आणि कसा?

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे. आपल्याकडे छोट्या गाड्यांत 2014 मध्ये सेलेरियोपासून एएमटी रुळली. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवतं. गिअर बदलताना किंचित झोल जाणवतो, पण त्यातल्या त्यात ती स्वस्त. लिव्हर 'एम'वर घेऊन दुसरा गिअर धरला की घाट छान उतरते. चढावर थांबलात तर मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो, हँडब्रेक लावा. सीव्हीटीत दोन पुल्या आणि एक पट्टा असतो, स्कूटरसारखाच. तिथं 'एल' किंवा 'एस' खूण शोधा. तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर महाग, पण कूर्मगतीच्या गर्दीत आणि चढावर सोशिक. दुहेरी क्लचचे काही गिअरबॉक्स अशा गर्दीत तापतात, तेवढं लक्षात ठेवा.

विजेच्या गाडीला बदलायचे गिअरच नसतात. उतारावर मोटर उलट वीज तयार करते आणि गाडीला आवरते. पण डोंगरावरच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून निघालात, तर ती वीज साठवायला जागा नसते आणि ही आवर कमी पडते. थोडी रिकामी ठेवून निघा.

आणि हो, पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजून भेटतात. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. वाचत काही नाही, हाती असलेला आवर मात्र जातो.

शोरूमवाले चाचणीसाठी सपाट रस्त्यावर नेतात. तुम्ही उताराचा रस्ता मागा, आणि लिव्हर स्वतः खाली घेऊन बघा. दाजींची गाडी अजून तीच आहे. मागच्या दिवाळीत त्याच घाटानं बहिणीनं ती खाली आणली, दुसऱ्या गिअरवर. या खेपेला मी पुढं बसलो होतो.