एबोशीबाईंचा जमाखर्च

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीसमोर जपानी कार्टूनवर व्याख्यान, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण आपली मुले ज्याला 'ॲनिमे' म्हणतात, ते सगळेच काही लहान मुलांसाठी नसते. आज मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, तो 'प्रिन्सेस मोनोनोके' तर मुळीच नाही. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला, स्टुडिओ घिब्लीचा हा चित्रपट जुलै १९९७ मध्ये जपानमध्ये लागला आणि तिकीटबारीवर त्याने तिथले तोवरचे विक्रम मोडले. २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आल्यापासून आपल्याकडेही घरोघर पाहिला जाऊ लागला. त्यातल्या एबोशी नावाच्या बाईवरून चाहत्यांमध्ये जो वाद सुरू झाला, तो पंचवीस वर्षे उलटली तरी मिटलेला नाही. ती खलनायिका की नायिका? हा वाद लोखंडाचा आणि जंगलाचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पोट लोखंडी रुळांवर, आणि आपले रूळ जातात जंगलातून. म्हणून हा विषय निवडला.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. काळ जपानच्या मुरोमाची राजवटीचा. दूर ईशान्येकडच्या एका खेड्यावर पिसाळलेला अजस्र रानडुक्कर चाल करून येतो. हा साधा डुक्कर नव्हे, तो रानाचा एक देव आहे. आशिताका नावाचा तरुण राजपुत्र त्याला मारतो, पण झटापटीत त्याच्या उजव्या हाताला शाप डसतो. हा शाप हळूहळू पसरून त्याचा जीव घेणार असतो. मेलेल्या डुकराच्या अंगात लोखंडाची गोळी सापडते. ती कुठून आली, हे शोधत आशिताका पश्चिमेला निघतो आणि एबोशीबाईंच्या वस्तीवर पोचतो.

ही वस्ती लोखंड गाळण्याची आहे. बाईंनी कुंटणखान्यांत विकल्या गेलेल्या मुली पैसे मोजून सोडवून आणल्या आहेत आणि त्यांना भात्यांवर कामाला लावले आहे. प्रत्यक्षातल्या जपानी परंपरेत अशा भट्टीजवळ स्त्रियांना मज्जाव असे. बाईंनी तो विटाळ धुडकावून लावला. त्या स्त्रिया पोटभर जेवतात, मोठ्याने हसतात, पुरुषांना खडे बोल सुनावतात. वस्तीच्या एका कोपऱ्यात, बाईंच्या खासगी बागेपलीकडे, अंगभर पट्ट्या बांधलेले महारोगी राहतात. ते बाईंसाठी बंदुका घडवतात. त्यांच्या सडलेल्या जखमा बाई स्वतःच्या हातांनी धुतात. टोकियोतील तामा झेन्शोएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला दिलेल्या भेटींतून हे प्रसंग आले, असे मियाझाकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा जपानचा कायदा १९९६ साली, म्हणजे चित्रपटाच्या अवघे एक वर्ष आधी, रद्द झाला, हे लक्षात घेतले की या प्रसंगांचे वजन कळते.

आणि हीच बाई डोंगर खरवडते, जंगल तोडते, रानाच्या देवांवर गोळ्या झाडते. ती डुकराच्या अंगातली गोळी तिचीच. शेवटी तर ती जीवन-मृत्यू ज्याच्या हाती आहे त्या वनदेवतेचे मस्तक बंदुकीने उडवते.

चाहत्यांचा एक पक्ष म्हणतो, ही दुष्ट बाई आहे. कड्यावरून दरीत पडलेली आपली माणसे मेली असे समजून, न शोधता, ती पुढे निघते. वस्तीवर सामुराईंनी हल्ला केल्याची बातमी कळूनही देवाची शिकार अर्धी टाकून परतत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, त्या काळात टाकलेल्या बायकांना आणि महारोग्यांना दुसरे कोण विचारत होते? लोखंड बंद झाले तर त्या बायका पुन्हा कुंटणखान्यात जातील. तिसरा पक्ष मधला आहे. तो म्हणतो, मियाझाकींच्या चित्रपटात खलनायक नसतोच, सगळेच थोडे चांगले, थोडे वाईट. वाद बहुधा इथे येऊन थांबतो, आणि सगळे जेवायला जातात.

मला हा मधला पक्ष सर्वांत आळशी वाटतो. कारण तो बेरीज-वजाबाकी करून मोकळा होतो. इतके पुण्य, त्यातून इतके पाप वजा, शिल्लक थोडी जमा. पण आपण खात्यात काम करणारी माणसे आहोत. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाच्या नावे टाकता येत नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. एबोशीबाईंचा जमाखर्च तपासायचा तर जमा कोणाच्या नावावर आणि खर्च कोणाच्या, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यासाठी थोडे आकडे पाहू. जपानमध्ये शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे तलवारींच्या पोलादासाठी १९७७ साली पारंपरिक भट्टी पुन्हा सुरू करण्यात आली. तिला 'तातारा' म्हणतात. ही भट्टी एका खेपेला तीन दिवस, तीन रात्री पेटती राहते. तिच्यात सुमारे १० टन लोहवाळू आणि सुमारे १२ टन लोणारी कोळसा पडतो, आणि हाती येतो सुमारे अडीच टनांचा गोळा. म्हणजे एक टन धातूला जवळजवळ पाच टन कोळसा. हा कोळसा झाडांचा. शिवाय लोहवाळू मिळवायची तर डोंगर फोडून माती पाण्याने धुवायची. तेव्हा बाईंनी जंगल तोडले ते रागाने किंवा हौसेने नव्हे. त्या धंद्याचा हिशेबच तसा आहे.

आता खाते मांडू. जमेच्या बाजूला बायका, रोगी, त्यांची कुटुंबे. खर्चाच्या बाजूला झाडे, डुकरे, लांडगे, आणि एक अशी व्यक्ती जिचा या वस्तीशी काडीचा संबंध नव्हता. तो आशिताका. त्याने ना ते लोखंड वापरले, ना त्या वस्तीचा भात खाल्ला. तरी गोळीचा शाप त्याच्या हातात. चित्रपटातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बाईंना पाहून आशिताकाचा शापित हात आपोआप तलवारीकडे जातो. तेव्हा अंथरुणाला खिळलेला एक वृद्ध रोगी त्याला विनवतो की, बाईंना मारू नकोस, आम्हाला माणूस म्हणून वागवणारी ही एकटीच आहे. म्हाताऱ्याची कृतज्ञता शंभर टक्के खरी आहे. पण ती त्याच्या स्वतःच्या खात्याची पावती आहे. रानडुकराच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्याला नाही.

म्हणून मला वाटते, चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. बाईंची दया खरी होती आणि बाईंनी केलेली हानीही खरी होती. एकीने दुसरी फिटत नाही. त्यांचा दोष नेमका कुठे? लोखंड गाळले यात नाही. किंमत ज्याने मोजली त्याला मोजणीतच धरले नाही, यात. तिच्या लेखी माणसाच्या कुंपणाबाहेरचे सगळे म्हणजे फक्त अडथळा.

आता जरा आपल्या रुळांकडे येऊ. आपण राहतो त्या ईशान्येकडच्या पट्ट्यात हत्तींच्या वाटा रुळांना आडव्या जातात. डूअर्सच्या जंगलातली लाइन मीटरगेजची होती. ती ब्रॉडगेज झाल्यावर गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि हत्तींचे अपघातही वाढले. त्याच लाइनने औषधे जातात, धान्य जाते, परीक्षेला मुले जातात. लाइन उखडा म्हणणारा आणि हत्तींचे काय घेऊन बसलात म्हणणारा, दोघेही चाहत्यांच्या त्या पहिल्या दोन पक्षांतले.

प्रत्यक्ष काम करणारे तिसरेच काही करतात. हत्तीच्या वाटेवर वेगमर्यादा घालतात. ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर जाते. २०१७ पासून काही फाटकांवर मधमाश्यांच्या गुणगुण्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून लावला जातो, कारण हत्ती मधमाश्यांना बिचकतो. २०२२ पासून रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबर केबलवर हत्तीच्या पावलांची कंपने टिपून आधीच इशारा देणारी यंत्रणा बसवायला सुरुवात झाली. यातल्या प्रत्येक उपायाला पैसा लागतो किंवा गाडीची मिनिटे जातात. ही मिनिटे म्हणजे खर्चाच्या बाजूच्या माणसाला, किंवा प्राण्याला, आपण खात्यात धरल्याची नोंद आहे. गाडी का रेंगाळली म्हणून आपल्यापैकीच कोणी वैतागतो, तेव्हा एवढे ध्यानात असावे.

चित्रपटाचा शेवटही असाच आहे. वनदेवता जाते, वस्ती उद्ध्वस्त होते, बाईंचा एक हात लांडगीच्या तुटलेल्या मस्तकाने तोडून नेलेला असतो. मियाझाकी त्यांना ठार मारत नाहीत आणि क्षमाही करत नाहीत. जिला त्यांनी शत्रू मानले त्याच कुळातल्या लांडग्याच्या पाठीवरून त्या जिवंत परत येतात आणि आपल्या माणसांना सांगतात की, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू, चांगले गाव वसवू. आशिताका जंगलात पळून जात नाही. तो त्या वस्तीत राहून बांधकामाला हात लावतो आणि जंगलातल्या सानला भेटत राहीन असे वचन देतो. त्याच्या हातावरचा डाग फिकट होतो, पूर्ण जात मात्र नाही.

तेव्हा घरी मुले या बाईवरून भांडू लागली तर त्यांना गप्प करू नका. एवढेच विचारा, 'या कामाची किंमत कोणी दिली, आणि देणाऱ्याला कोणी विचारले होते का?' हा प्रश्न एबोशीला लागू आहे, रुळाला आहे, धरणाला आहे, आपल्या घरच्या नव्या मजल्यालाही आहे. मुले तो आपल्यालाच विचारतील, याचीही तयारी ठेवा.

मागे मखरात बसलेल्या देवाचे मस्तक हत्तीचे आहे. वर्षातले दहा दिवस आपण त्याच्यापुढे हात जोडतो. उरलेले दिवस त्याच्या भाऊबंदांच्या वाटेवरून गाडी नेताना वेगमर्यादा पाळली, तर तीही पूजाच आहे.

 गणपती बाप्पा मोरया!