खाड्याच्या भीतीनं

जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट आली, तेव्हा घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं. घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, रात्री ताप होता, आणि सकाळी डबा भरताना माणूस म्हणायचा, 'सर्दीच आहे, होईल बरी.' तपासणी तोवर अवघड राहिली नव्हती. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या, घरी करायच्या किटला मे २०२१ मध्येच मान्यता मिळाली होती. किंमत तेव्हा २५० रुपये होती. नाकात काडी फिरवायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. पण किटवर दुसरी, म्हणजे लागण दाखवणारी, रेघ उमटली की किमान सात दिवस घरी बसायचं, हा नियम होता. महिना १५ हजार मिळवणाऱ्या रखवालदाराला ते सात दिवस साडेतीन हजारांना पडायचे. रेघ न पाहणंच त्याला परवडायचं.

आमच्या इमारतीचा रखवालदार त्या महिन्यात खोकत खोकत बारा तासांची पाळी भरत होता. घरी जा म्हटलं, तर म्हणाला, 'काका, खाडा पडला की ठेकेदार बदली माणूस पाठवतो. मग तो बदलीच कायम होतो.' यावर मला उत्तर सुचलं नाही. निष्काळजी म्हणावा असा तो माणूस नव्हता. मास्क नाकावरून खाली येऊ देत नव्हता, रजिस्टर सही करायला देताना दोन पावलं मागे सरकत होता. त्याच्या हातात होतं तेवढं तो करत होता.

कितीतरी जण पॅरासिटामॉलची गोळी घेऊन निघत. तासाभरात ताप उतरे आणि कारखान्याच्या फाटकावर कपाळासमोर धरलेल्या तापमापकाला काही सापडत नसे. गोळीनं ताप उतरतो, विषाणू जातो थोडाच! या आजाराची लागण लक्षणं दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून होऊ शकते, आणि पहिल्या काही दिवसांत ती सर्वांत जास्त होते. म्हणजे 'आजचा दिवस बघू, उद्या रजा टाकू' असं आपण म्हणतो, नेमका तोच दिवस इतरांना सगळ्यात धोक्याचा.

आता इथे एक गोष्ट पाहा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात सत्तर टक्के वेतन मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. योजना चांगली आहे, तिनं लाखो घरं सावरली आहेत. पण नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. संसर्गाच्या साथीत ज्या दोन दिवसांसाठी कामगाराला घरी थांबवायला हवं, तेच दोन दिवस बिनपगारी! हा नियम बदलायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

ठेकेदाराशी करार करताना सोसायट्यांनाही पुष्कळ करता येईल. आजारपणाची भरपगारी रजा आणि बदली माणसाचा खर्च सोसायटीकडे, एवढी दोन कलमं घाला. चाळीस बिऱ्हाडांत ते साडेतीन हजार वाटले, तर घरटी नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत.

धुणीभांडी करणाऱ्या बाईंना तर तो विमाही नाही. त्यांचे मालक आपणच. 'ताप आला तर फोन करा मावशी, पैसे कापणार नाही,' हे त्या धडधाकट असताना, पगार हातात देतानाच सांगून ठेवायला हवं. तापानं फणफणलेलं माणूस असं विचारायला फोन करत नाही, सरळ कामावर येतं. आणि शेजाऱ्यांनी मिळून ठरवलं तर जास्त बरं. चार घरांपैकी एकानं जरी पैसे कापले, तरी त्या एका घरासाठी मावशी ताप घेऊन निघतात, आणि एकदा निघाल्या की उरलेली तीनही घरं उरकूनच परततात.