कोठडीतल्या बायकांसाठी एक पत्र

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं, "पोलीस बाईला रात्री उचलून नेऊ शकतात का?" उत्तर देते, पण आधी शीला बारसे यांच्याबद्दल ऐका.

शीलाताई मुंबईच्या पत्रकार. मे १९८२ मध्ये रीतसर परवानगी काढून त्या मुंबईच्या तुरुंगात गेल्या आणि १५ बायकांशी बोलल्या. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. (कोठडी म्हणजे पोलीस ठाण्यातली खोली. तुरुंग वेगळा.) दुसरी कुणी असती तर लेख छापून मोकळी झाली असती. शीलाताईंनी थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलं! निर्मला निकेतन या समाजकार्य कॉलेजच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून कोर्टाने खातरजमा केली. बायकांना वकीलसुद्धा मिळत नव्हता.

१५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. बायकांची कोठडी वेगळी, पहारा महिला शिपायांचा. चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. अटक झाली की बाई सांगेल त्या नातेवाइकाला लगेच कळवायचं, आणि मोफत वकील देणाऱ्या समितीलाही. कोठडीत मारहाण झाली का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारायचं.

पुढे तुरुंगात डांबलेल्या लहान मुलांसाठीही त्या लढल्या. तारखांवर तारखा पडायला लागल्या, तेव्हा वैतागून म्हणाल्या, मी अर्ज मागे घेते. कोर्ट म्हणालं, तुम्हाला बाजूला व्हायचं तर व्हा, पण हा खटला मुलांचा आहे, तो चालणार. माझ्या मते त्यांचा वैतागही खराच होता. कोर्टाची पायरी चढलेल्या बाईला तो कळेल.

आता ताईंचा प्रश्न. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. फारच अपवाद असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली, नव्या कायद्यातही आहे. नुसती साक्ष हवी असेल, तर बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी घरी यायचं. अटक झालीच, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला सरकारकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जा. नाहीतर १५१०० ला फोन लावा. नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा, परत सांगते, १५१००.