ज्युबिलीचें स्मारक कोणाचें?



या मंगल प्रसंगाचें स्मारक म्हणून संगमरवरी शिला बसवावी व तीवर देणगीदारांचीं नांवें कोरावीं, अशी सूचना आपणांपुढें आहे. दात्यांचें ऋण आम्ही मानितों. परंतु ज्यांच्यापाशीं द्रव्य नव्हतें, ज्यांनीं खेडोपाडीं पायपीट करून धर्मशिक्षण दिलें व ज्यांनीं डोक्यावरून दगड वाहिले, त्या परलोकवासी जनांचें नांव कोठें राहील?

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान होय. पंढरपुरास महाद्वारीं त्यांचें स्मारक म्हणजे एक पायरी. तिला वंदन करूनच वारकरी आंत जातो. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे हैदराबाद मुक्तिसंग्रामांत हुतात्मा झाले. १९४८ सालीं संस्थान मुक्त झालें. पुढें वसमत येथें त्यांच्या स्मारकार्थ महाविद्यालय निघालें, व तेथें शेतकऱ्यांचीं मुलें शिकतात. महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या वीरगळांवर तर बहुधा नांवही नसतें. खालीं लढाई, वर स्वर्गारोहण, आणि शिरोभागीं शिवपूजा, एवढेंच कोरलेलें असतें. तरी गांव त्या दगडास शेंदूर लावितें.

आपल्या ख्रिस्ती समाजाचेंही उदाहरण आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. घरेंच्या घरें ओस पडलीं. त्या काळीं वांद्र्यासारख्या वस्त्यांतील कॅथलिक शेजाऱ्यांनीं आपसांत वर्गणी करून गल्लीच्या तोंडाशीं क्रूस उभारिले. मृतांचीं नांवें त्यांवर क्वचितच आढळतील. परंतु संध्याकाळीं तेथें शेजारी जमत, मेणबत्त्या लावीत व रोझरी म्हणत. असे कित्येक क्रूस अद्याप उभे आहेत, कारण शेजाऱ्यांनीं ते राखिले.

म्हणून आमची नम्र विनंती अशी: शिलेचा बेत सोडून आपल्याकडील काळ्या दगडाचा साधा क्रूस उभारावा. चौथऱ्यासाठीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या मृतांच्या स्मरणार्थ एक दगड स्वहस्तें आणावा. गरिबाचा व श्रीमंताचा दगड एकाच मापाचा असावा. झाडलोट व दिवाबत्ती प्रत्येक वाडीनें पाळीपाळीनें करावी. आणि दरवर्षीं २ नोव्हेंबरास, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, दफनाच्या नोंदवहींतील सर्व नांवें तेथें मोठ्यानें वाचावीं. वाचनाचें काम मुलांकडे द्यावें, म्हणजे आपल्यामागें तीं नांवें त्यांच्या तोंडीं राहतील.

देणग्यांचा हिशेब वहींत आहेच व तो प्रभूसही ठाऊक आहे. तो आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.