चाकाची वळचण

नवी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जो प्रशस्त रस्ता जातो, त्याचे जुने नाव कर्झन रोड. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू याच रस्त्यावर आहे, आणि जून २०१३ मध्ये उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदनही येथेच आहे. त्यामुळे लटियन्सच्या या सपाट, सावलीच्या रस्त्यावर महाराष्ट्राच्या नोंदणीची वाहने अधूनमधून दृष्टीस पडतात. त्यांत नाशिकच्या कारखान्यातून निघालेली एखादी ‘थार’ उभी असली, की तिची चाके पाहून जाणाराचे पाऊल क्षणभर थबकते. टायर मूळच्याहून रुंद, पोलादी अंगाच्या बाहेर डोकावणारे; आणि त्यांच्यावर काळ्या रंगाची, बोल्टांनी जखडलेली एक जाड कमान. बाजारात या कमानीला ‘फेंडर फ्लेअर’ म्हणतात. मराठीत तिला रूढ शब्द नाही. परंतु कोकणातल्या घराची वळचण ज्याने पाहिली आहे त्याला तिचे काम समजावून सांगावे लागत नाही. छपराची कड भिंतीच्या पुढे काढली नाही, तर पागोळ्या भिंतीवरच यायच्या. चाकाचेही तसेच आहे.

वस्तुतः चाकाला छत्र लागते ही जाणीव वेगाबरोबर आली. बैलगाडीला मडगार्ड नसतो, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही; कारण चिखल चाकाला चिकटतो आणि पुन्हा हळूच खाली पडतो. टांग्याला मात्र तो लागला. मोटारीला तर तो अपरिहार्यच झाला. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता टायरचा सर्वांत वरचा भाग रस्त्याच्या तुलनेत ताशी १२० किलोमीटर वेगाने पुढे जात असतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तो स्पर्शरेषेने. चाकाची मागची बाजू जमिनीवरून वर उचलली जात असते, म्हणून तेथून सुटलेला खडा वर उडतो, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या तोंडावर किंवा मोटारीच्या काचेवर आदळतो. १९७८ साली युरोपात चाकांच्या आच्छादनासंबंधी जो निर्देश निघाला त्यात हाच विचार आकड्यांत मांडलेला दिसतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या टप्प्यात टायरची सगळी रुंदी झाकली गेली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. मागचा कोन मोठा का, याचे उत्तर त्या खड्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जीपचे पुढचे मडगार्ड सपाट फळीसारखे होते. त्यावर शिपाई बसत, नकाशा पसरीत, प्रसंगी जेवतही. पण खालचा अरुंद टायर त्या फळीखाली पूर्ण झाकलेला असे. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि हीच सपाट मडगार्डाची आकृती पुढे कित्येक दशके महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांच्या आवारात आणि पाटबंधाऱ्यांच्या कामांवर लोकांनी पाहिली. त्या गाड्यांना कमानीची जोड कोणी लावली नाही, कारण कोणी त्यांचे टायर बदलून रुंद केले नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कमान हवी की नको, हा प्रश्न कमानीचा नसतो. तो टायरचा असतो.

याचे उत्तम उदाहरण स्वतः एका कारखान्यानेच घालून दिले आहे. मारुती कंपनीने १९८५ मध्ये ‘जिप्सी’ आणली, तेव्हा ती अंगाने सडसडीत होती, १,४६० मिलिमीटर रुंदीची. डोंगराच्या वळणावर ती जरा हलकी वाटे. १९९३ मध्ये तिच्या दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर सुमारे ९० मिलिमीटरने वाढविण्यात आले. म्हणजे प्रत्येक चाक साधारण ४५ मिलिमीटर बाहेर सरकले. आता पत्र्याचे सारे अंग नव्याने घडवायचे, की त्यालाच बाहेरून कड जोडायची? मार्ग दुसरा निवडला गेला. चारही चाकांवर कमानी आल्या आणि गाडीची रुंदी १,५४० मिलिमीटर झाली, म्हणजे बाजूला ४० मिलिमीटर. चाक जितके सरकले जवळजवळ तितकेच छत्र सरकले. येथे शोभेचा प्रश्न नव्हता, हिशेबाचा होता. पुढे लष्करात आणि पोलिसांत हीच रुंद जिप्सी वर्षानुवर्षे धावली.

बाजारातून कमान घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाने हाच हिशेब आधी करावा. पण तो सहसा उलटा होतो. आधी चित्र आवडते, मग कमान येते, आणि तिच्या आत टायर केविलवाणा दिसतो म्हणून टायर बदलला जातो. समजा, मूळ टायर २४५/७५ आर १६ या मापाचा आहे आणि त्याजागी २६५/७५ आर १६ घ्यावयाचा आहे. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. वीस मिलिमीटर रुंदी वाढली, म्हणजे चाकाच्या मध्यापासून बाहेरच्या अंगाला दहा. त्यातच नवी रिम अशी निवडली की तिची बैठक वीस मिलिमीटरने बाहेर आली, तर टायर एकंदर तीस मिलिमीटर बाहेर येणार. कमान तीस मिलिमीटरहून किंचित अधिक हवी, शंभर नव्हे. शिवाय याच बदलाने टायरचा व्यास सुमारे ७७४ वरून ८०४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ चार टक्के वाढतो. गतिमापक १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०४ च्या वेगाने जात असेल, आणि बाहेर सरकलेल्या चाकाचा भार बेअरिंगवर अधिक पडेल तो वेगळाच. या गोष्टी विक्रेता आपण होऊन सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारीत नाही.

ज्याच्या गाडीला रुंद टायर आधीच बसलेले आहेत त्याला कागदावरच्या हिशेबाचीही गरज नाही. गवंड्याचा ओळंबा पुरे. गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ ठेवून उभी करावी. कमानीच्या माथ्यावरून ओळंबा सोडावा. टायर दोरीच्या बाहेर किती आला ते पट्टीने मोजावे. पुढे एकदा, मागे एकदा. दोन्ही बाजू मोजाव्यात, कारण जुन्या गाडीचे डावे-उजवे क्वचितच सारखे असते. मग पुढचे एक चाक उंच दगडावर चढवावे आणि सुकाणू पूर्ण वळवून पाहावे. ताम्हिणीच्या घाटात किंवा एखाद्या ओढ्याच्या दरडीवर स्प्रिंग पूर्ण दबते तेव्हा टायर वर येऊन नेमका कोठे घासतो, हे अंगणातच कळते. कमान पुष्कळदा केवळ बाहेरच्या बाजूस नव्हे, आतल्या कडेसही जागा खाते. त्यामुळे हा प्रयोग कमान हातात धरून, बसविण्यापूर्वी, पुन्हा करावा. एवढ्या खटपटीला अर्धा दिवस लागतो. दिल्लीतील काश्मिरी गेट, करोल बाग किंवा मायापुरी येथील गल्ल्यांत तो अर्धा दिवस कोणी देत नाही. तेथे छिद्रे पाडण्याचे यंत्र आधी चालू होते आणि मोजमाप मागाहून.

आता पदार्थाविषयी. फायबरची कमान स्वस्त, कडक, आणि हव्या त्या आकारात मिळणारी. पण करवंदीच्या जाळीत किंवा खडकाला घासली की तिला तडा जातो, आणि एकदा तडा गेला की तो वाढत जातो. ए. बी. एस. प्लॅस्टिक लवचीक असते आणि लहानसहान धक्के सोसते. मात्र ऊन सोसण्याचा गुण त्यात मुळात घातलेला नसेल तर दिल्लीचे दोन उन्हाळे त्याचा काळा रंग राखाडी करून टाकतात. पॉलियुरेथेनची आणि रबराची कमान वाकते आणि पुन्हा आपल्या जागी येते. जंगलवाटेला तीच योग्य, परंतु ती महाग आणि जराशी बेढब. पत्र्याची कमान वेल्डिंगने जोडण्याचा हौशी प्रकारही आढळतो. ती मजबूत असते यात शंका नाही, पण आदळली तर स्वतः न तुटता गाडीचे मूळ अंगच आत दाबते. तुटणारी वस्तू स्वस्त आणि वाचणारी वस्तू महाग, हे येथे तरी सोयीचे आहे. कमानीवर जे मोठमोठे बोल्ट दिसतात त्यांतले पुष्कळसे नुसते दाखवायचे असतात. खरी पकड आतल्या चार-सहा स्क्रूंची किंवा चिकटपट्टीची असते. हौस म्हणून ते असावेत, त्यात वावगे काही नाही, पण मोबदला बोल्टांच्या संख्येवर देऊ नये.

खरा धोका दिसणाऱ्या बाजूस नसतोच. पत्र्याला छिद्र पाडले की रंगाचे आणि जस्ताचे कवच फुटते. सह्याद्रीतला तांबडा चिखल कमान आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत शिरतो, तेथे ओल धरून बसतो, आणि बाहेरून चकचकीत असलेली गाडी आतून गंजू लागते. म्हणून छिद्राच्या कडेला बसविण्यापूर्वीच गंजरोधक रंग लावून तो वाळू द्यावा. कमानीच्या काठाला रबराची पट्टी असावी. आणि खालच्या टोकाला पाणी निथळायला वाट मोकळी असावी. कारखान्याने मुळात जी छिद्रे ठेवलेली असतात तीच वापरणारी कमान मिळाली तर ती चार पैसे अधिक देऊनही घ्यावी.

कायद्याचा प्रश्न मात्र पैशाने मिटणारा नाही, आणि येथेच अनेक हौशी मालक अडचणीत येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कसून लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द चार चाकांच्या मालकाने सावकाश वाचावेत. मूळ कडेवरच बसणारी, निर्मात्याने स्वतः जोडभाग म्हणून विकलेली पट्टी एक गोष्ट. आणि गाडीचे अंग कापून, चाके हातभर बाहेर काढून लावलेली कमान ही निराळी गोष्ट. या दोहोंमध्ये जी संदिग्ध वाट आहे तीवर पाऊल टाकण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवावे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. अपघातानंतर तज्ज्ञ पाहणी करावयास येतो तेव्हा त्याला चाकांची रुंदी मोजण्याइतका वेळ असतो.

या सगळ्याची दुसरी बाजू विसरली जाते, ती म्हणजे ज्याने टायर रुंद केले आणि कमान लावलीच नाही त्याची. कस्तुरबा गांधी मार्गावर असे वाहन निव्वळ रुबाबदार दिसते. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे तेच वाहन मागच्या दुचाकीस्वारावर चिखलाचा पडदा सोडीत जाते, आणि त्याला समोरचे वळण दिसत नाही. म्हणून रुंद टायर ठेवायचेच असतील तर त्यांच्यावरचे छत्र ही चैन राहत नाही. मूळ टायरवर समाधान मानणाराला मात्र त्याची गरज नाही, आणि सदनाच्या आवारापासून कॅनॉट प्लेसपर्यंतच ज्याची गाडी धावते त्याला तर मुळीच नाही.

घेणाराने खरेदी पावसाळ्यापूर्वी करावी. बसविल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा आवळावेत, कारण नवे रबर दबते आणि पकड सैल होते. पहिला पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास, गाडी धुऊन हार घालायच्या आधी, एक कमान उतरवून आतला पत्रा बोटाने पुसून पाहावा. बोटाला नुसती माती लागली तर ती धुऊन कमान परत चढवावी. तांबूस पूड लागली तर उरलेल्या तीनही त्याच दिवशी उतरवाव्या लागतील.