गाडीचा पार्ट आणि त्याचा नंबर



पुण्यात नाना पेठेतल्या एखाद्या पार्टच्या दुकानात जाऊन ‘स्विफ्टचा लिंक रॉड द्या’ म्हटलं, की काउंटरपलीकडून लगेच प्रश्न येतो, ‘कुठल्या सालची?’ आपण सांगतो, ‘२०१८.’ त्यावर दुसरा प्रश्न, ‘जुनी की नवी?’ गिऱ्हाइकाला वाटतं, हा उगाच फाटे फोडतोय. पण प्रश्न रास्त आहे. नव्या बांधणीची स्विफ्ट बाजारात आली २०१८च्या फेब्रुवारीत. त्याआधी तयार झालेल्या जुन्या बांधणीच्या गाडीची नोंदणीही त्याच वर्षी झालेली असू शकते. म्हणून नोंदणीच्या सालावर विसंबू नये. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, ते सांगावं. आणि त्याहून पक्का म्हणजे चेसिस नंबर.

हा नंबर सतरा अक्षरी असतो. सुरुवात ‘एमए३’ अशी असेल तर गाडी मारुतीची, ‘एमएटी’ असेल तर टाटांची, ‘एमएएल’ असेल तर ह्युंदाईची. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं त्यात वापरतच नाहीत, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. तेव्हा उतरवून घेताना ओसारखं काही दिसलं, तर ते शून्यच समजा. कंपनीच्या अधिकृत काउंटरवर हा नंबर कॉम्प्युटरला दिला, की नेमक्या त्या गाडीची पार्टची यादी उघडते. खरेदी तिथेच करा असा माझा आग्रह नाही. पण पार्टचा नंबर तिथून कळला, की बाजारात कुठेही निवांत भाव करता येतो.

या नंबरांनाही काही रीत असते. सुझुकीच्या पद्धतीत १६५१० हे पहिले पाच आकडे म्हणजे ऑइल फिल्टर. तो कुठल्या इंजिनाचा, हे पुढची अक्षरं सांगतात. म्हणजे पहिले पाच जुळले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. खरा फरक शेपटात असतो.

बाजारातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे ‘घ्या हो साहेब, बसतो.’ बसतो हे खरंच असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. स्पार्क प्लग बघा. एनजीकेचे बीपी६एचएस आणि बीपी६ईएस हे दोन प्लग हातात घ्या. आट्यांची जाडी एकच, १४ मिलिमीटर. पाना तोच लागतो. पण ‘एच’वाल्याचा आट्यांचा भाग १२.७ मिलिमीटर लांब आणि ‘ई’वाल्याचा १९. आखूड भोकात लांब प्लग निमूट आवळला जातो, त्याचं टोक आत सिलिंडरमध्ये डोकावतं आणि पिस्टन वर आला की त्यावर आपटू शकतं. मधला सहाचा आकडा प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते सांगतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीत शोधू नका, दुकानदाराकडून तक्ता मागून घ्या.

जुना पार्ट बरोबर नेण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. फक्त तो पुसून वाचायला हवा. मेकॅनिकने काढलेला फॅन बेल्ट तेलकट असतो, पण केरोसीनच्या फडक्याने पुसला की पाठीवर ‘४पीके८५५’ असं काहीतरी दिसतं. चार शिरा, लांबी ८५५ मिलिमीटर. झालं काम. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवर ६२०५ असेल तर शेवटच्या पाचाला पाचाने गुणा. आतलं भोक २५ मिलिमीटर. त्यापुढे ‘सी३’ असेल तर तेही ठणकावून मागा. त्या बेअरिंगमध्ये आतली फट मुद्दाम जास्त ठेवलेली असते, गरम झाल्यावर फुगायला जागा हवी म्हणून. काउंटरवर पुष्कळदा हे ‘सी३’ ऐकून न ऐकल्यासारखं केलं जातं.

डाव्या-उजव्याचा गोंधळ तर नेहमीचा. गाडीसमोर उभं राहून हेडलाइटकडे बोट दाखवलं, की डावा तो उजवा होतो. कंपनीची बाजू नेहमी सीटवर बसलेल्या चालकाची असते. त्यापेक्षा सरळ ‘ड्रायव्हर साइड’ म्हणावं, वाद मिटतो. परदेशातून स्वस्तात मागवलेला हेडलाइट मात्र जपून घ्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहनं चालतात त्या देशासाठी तो बनलेला असेल, तर डिपरचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आता ओरिजिनल म्हणजे काय? गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः थोडीच बनवते? शॉक अॅब्सॉर्बर गॅब्रिएलचा असेल, ज्यांचा एक कारखाना चाकणला आहे. बेअरिंग एसकेएफचं असेल, ते चिंचवडला आहेत. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बॉश नाशिकच्या सातपूरला बनवतं. असा माल गाडीच्या कंपनीच्या डब्यात एका भावाने मिळतो आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात बहुधा कमी भावाने. नंबर जुळत असेल तर मी दुसरा डबा बेधडक घेतो. ब्रेक आणि स्टीअरिंगच्या बाबतीत मात्र बिनानावाच्या डब्याला हात लावत नाही, मग तो फुकट दिला तरी.

नकली माल बनवणाऱ्यांना खरे डबे हवेच असतात, आणि ते गॅरेजच्या कचऱ्यात आयते मिळतात. म्हणून पार्ट बसवून झाला की मेकॅनिककडून दोन गोष्टी मागून घ्या: काढलेला जुना पार्ट आणि नव्याचा रिकामा डबा. डब्यावरचं नंबराचं लेबल कापून आरसीच्या पाकिटात ठेवा, पुढच्या वेळी तेच काउंटरवर दाखवता येईल. उरलेला डबा फाडून टाका.