आठवड्याच्या अन्नाची तजवीज



"आज काय करायचे?" हा प्रश्न आपल्या घराघरांतून दिवसाकाठी निदान दोनदा विचारला जातो, आणि तो बहुधा अशा घटकेला विचारला जातो की, कामावरून परतलेली मोठी माणसे थकलेली, मुले भुकेने कासावीस झालेली आणि घड्याळाचा काटा साडेसातावर आलेला असल्यामुळे, त्याचे उत्तर आरोग्याच्या दृष्टीने क्वचितच समाधानकारक निघते. त्या घटकेला मटकी भिजलेली नसते, मेथी निवडलेली नसते. सबब बटाट्याच्या काचऱ्या, पोळी आणि लोणचे यांवर, किंवा बाहेरून मागविलेल्या पावभाजीवर वेळ मारून नेली जाते. पालेभाजी हितकर आहे, कडधान्यात प्रथिने असतात, हे न जाणणारे घर आता विरळाच. खोळंबा होतो तो पूर्वतयारीपाशी. म्हणूनच आठवड्याच्या आहाराचा तक्ता करताना कोणत्या दिवशी काय शिजवावे यापेक्षा आदल्या रात्री काय भिजवावे, काय निवडावे व काय विरजावे याची नोंद आधी करावी, असे माझे मत आहे.

आता हिशेब आठवड्याचाच का? एखाद्या दिवशी लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या अधिक खाल्ल्या गेल्या, किंवा प्रवासात दोन्ही वेळा वड्यांवर भागले, तर तेवढ्याने निरोगी मनुष्याच्या प्रकृतीस अपाय होत नाही. जमाखर्चात रोजकीर्दीतील एका नोंदीवरून पेढीची परिस्थिती कळत नाही, त्यासाठी खतावणी उघडावी लागते. तसेच हे आहे. रोजच्या रोज आदर्श जेवू पाहणारा गृहस्थ तिसऱ्या दिवशी कंटाळतो, आणि आठवड्याचा हिशेब ठेवणाऱ्यास मात्र बुधवारची उणीव शुक्रवारी भरून काढण्याची मुभा राहते.

या खतावणीत कोणती खाती असावीत, याचा खुलासा हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेला आहे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या छोट्याशा प्रयोगशाळेतून वाढलेल्या या संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दररोज भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचविले आहे. हे दैनिक आकडे ऐकून कोणी दचकत नाही. परंतु तेच आठवड्याचे करून पाहावे. चार माणसांच्या घरात सात दिवसांना सुमारे ११ किलो भाजी आणि जवळजवळ २ किलो ४०० ग्रॅम डाळ-कडधान्य लागते, असा त्याचा अर्थ होतो! मंडईतून आपण आठवड्याला जी पिशवी आणतो ती या मापाच्या किती मागे आहे, आणि तांदळाचा व कणकेचा डबा मात्र किती लवकर तळाला जातो, हे ज्याचे त्याने पाहावे. आपल्या ताटाचा मुख्य दोष हाच आहे: भात, पोळी, भाकरी यांनी जागा व्यापली आहे आणि भाजी तोंडी लावण्यापुरती उरली आहे.

भाजीचा क्रम तिच्या टिकाऊपणावरून लावावा. समजा, रविवारी बाजार केला. मेथी, चाकवत, अंबाडी यांसारखी पालेभाजी त्याच दिवशी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि सोमवार-मंगळवारी संपवावी. भेंडी, गवार, फ्लॉवर बुधवार-गुरुवारी घ्यावीत. आणि कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण यांना शुक्रवार-शनिवारपर्यंत थांबविण्यास हरकत नाही. हा क्रम उलटला की शनिवारी पिवळी पडलेली मेथी टाकावी लागते आणि दोष मात्र नियोजनाला दिला जातो.

कडधान्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तक्ता मोडतो तो बहुधा येथेच. मंगळवारी रात्री मटकीची उसळ करावयाची असेल, तर सोमवारी सकाळी मटकी भिजत घातली पाहिजे. संध्याकाळी ती उपसून, ओल्या पंच्यात घट्ट बांधून झाकून ठेवली म्हणजे मंगळवारी तिला चांगले मोड येतात. थंडीच्या दिवसांत आणखी अर्धा दिवस धरावा. म्हणजे उसळीचा दिवस मंगळवार असला, तरी तक्त्यावर तिचे नाव सोमवारच्या रकान्यात, 'सकाळी मटकी भिजविणे' असे लिहिलेले हवे. मोड आल्याने धान्यातील क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाच्या शोषणास आडवे येणारे फायटेट कमी होते. शिजविताना त्या जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, तो उसळ वाढताना वर लिंबू पिळून भरून काढावा. जेवणाला लागूनच चहा घेण्याची सवय असणाऱ्यांनी मात्र तो तासभर लांबवावा, कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह पुरतेपणी अंगी लागत नाही. पावसाळ्यात मोड कच्चे न खाता वाफवून खावेत.

उपवासाच्या दिवसांची तरतूद आपण कधीच करीत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. गुरुवार किंवा शनिवार, शिवाय महिन्यातील दोन एकादश्या आणि एक संकष्टी, एवढे धरले तर कित्येक घरांत आठवड्यातून एक-दोन दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवसांवर राज्य असते ते साबुदाण्याचे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र असतात. त्यावर तूप, बटाटा आणि सोबत वेफर्स अशी भर पडली म्हणजे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण अक्षरशः खरी ठरते. व्रत मोडा असे मी म्हणणार नाही. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेले रताळे, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही ही सामग्री त्याच व्रतात बसते, फक्त ती आदल्या दिवशी घरात हवी. दही विरजायचे राहिले की खिचडीवाचून गत्यंतर नसते.

शिळ्या अन्नाबद्दल एक इशारा देणे अवश्य आहे. रात्रीचा भात सकाळी फोडणीस टाकणे ही आपली जुनी चाल, आणि चवीच्या बाबतीत तिला तोड नाही. परंतु शिजलेला भात उबदार हवेत रात्रभर ओट्यावर राहिला, तर त्यात वाढणाऱ्या विशिष्ट जंतूंचे विष पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा, आणि ती सोय नसेल तर भात बेताचाच लावावा.

तेलाचा हिशेब पळ्यांनी मोजत बसण्याची गरज नाही. नवा डबा फोडला की त्यावर तारीख टाकावी. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा सुमारे सहा आठवडे पुरला, तर वर सांगितलेले प्रमाण सांभाळले गेले असे समजावे. महिन्याच्या आत तळ दिसू लागला, तर तळणाचे वार कमी करावेत. मिठालाही हाच न्याय. दरडोई दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ही कमाल मर्यादा असून तीत लोणचे, पापड, फरसाण हे सगळे आले.

तक्ता करताना चौदा जेवणांपैकी दोन रकाने मुद्दाम कोरे ठेवावेत. पाहुणे येतात, गॅस संपतो, कोणी तरी आजारी पडते. आणि कधी कधी, स्पष्टच बोलायचे तर, स्वयंपाक करण्याचा कंटाळाही येतो, तो काही गुन्हा नव्हे. शिवाय हा तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे, सर्वांना वाचता येईल असा लावावा. मटकी भिजत घालणे, मेथी निवडणे, दही विरजणे ही कामे गृहिणीनेच करावीत असा कोणत्याही शास्त्राचा दंडक नाही; तक्त्यावर कामापुढे नाव लिहिले म्हणजे घरातील पुरुषांना आणि मुलांना ती विसरण्याची सबब राहत नाही.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा विशेषतः मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मी सांगितलेली प्रमाणे परस्पर अमलात आणू नयेत. मूत्रपिंड दुबळे असल्यास डाळी, फळे आणि काही भाज्यांवरही मर्यादा घालावी लागते. त्यांनी मागील दोन आठवड्यांचा, प्रत्यक्ष खाल्लेल्या अन्नाचा तक्ता आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जावा. "काय जेवता?" या प्रश्नाला आमच्याकडे येणारे रुग्ण "साधेच, डॉक्टर, आपले नेहमीचे" असे उत्तर देतात, आणि त्या 'नेहमीच्या'त चार वाजताची खारी, टीव्हीपुढचा चिवडा आणि रात्रीचा मुरांबा कधीच मोजलेला नसतो, तो तक्त्यात मोजला गेला, म्हणजे औषधाची मात्रा ठरविणे आम्हांला पुष्कळ सोपे जाते.